थोरलीनं पाय धरले नसते

मास्तर,

तुमच्याजवळ मी जितकी वर्षं काढली त्याहून जास्त वर्षं तुमच्यावर रागावण्यात काढली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुठं आवाज चढला तर "खालच्या पट्टीत बोल" असं तुम्ही म्हणणार नाही. तुम्ही गेलात त्याला इतका काळ लोटला की आपल्या कंपनीतले उरलेले लोक आता एका बैलगाडीत मावतील. तुमचं नाटक मात्र मेलं नाही. मेलं असतं तर बरं झालं असतं असं मला कैकदा वाटलं. कारण ते जिवंत आहे ते तुम्ही त्यात केलेल्या पापासकट, आणि लोक टाळ्या वाजवतात त्या नेमक्या त्या पापालाच.

आमच्या कंपनीच्या मालकांनी ते पुन्हा काढायचं ठरवलं. महाराजांनी कोल्हापुरात नवं थिएटर बांधलंय, ते तुम्ही पाहिलं नाहीत. पक्कं बांधकाम, शेवटच्या रांगेतल्या माणसाला रंगभूमीवरची कुजबुज ऐकू येते. आपल्या मांडवाच्या तरटातून पाणी गळून पुढच्या पागोट्यांवर पडायचं आणि तुम्ही विंगेतून म्हणायचात, "भिजू देत, रडलेलं दिसणार नाही," ते दिवस गेले. मालक खुशीत होते. म्हणाले, "मामा, शेवटचं ते पाय धरायचं पद! वन्स मोअरवर वन्स मोअर. थेटर डोक्यावर घेतील लोक."

मी म्हणालो, "ते पद होणार नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे थोरली पाय धरणार नाही. दिराला पायरीवर जेवू घालील आणि वाटेला लावील."

"अवो, सगळ्या कंपन्या पाय धरत्यात की!"

"सगळ्या कंपन्या चुकतात."

त्यांना आणखी वाद घालायचा होता. पण तालीम मी घेतो, दिराचं कामही आता मीच करतो, आणि मी एकदा नाही म्हटलं की माझ्यापुढं डोकं आपटण्यात अर्थ नसतो हे त्यांना ठाऊक आहे. बोलणं तिथं संपलं. माझ्या पोटात ते संपलं नाही. उद्या पहिला प्रयोग आहे, आणि त्याच्या आत मला तुमच्याशी हे एकदा भांडून घ्यायचंय.

तुम्हाला तुमचंच नाटक सांगणं हा आगाऊपणा आहे. पण गाडीचं चाक कुठं लंगडतंय ते बघायला माझा बाप ते आधी काढून जमिनीवर आडवं करायचा, तसं मला ते एकदा मांडून बघू द्या. नवरा मेलेली थोरली सून. धाकट्या दिराला तिनं कडेवर घेऊन वाढवलेलं, म्हणून ती त्याला तू म्हणते. सासूची मोहनमाळ हरवते, आळ थोरलीवर येतो. तिनं माळ घेतलेली नाही हे दिराला पक्कं ठाऊक असतं, कारण त्या सबंध दिवसात ती त्याच्या उशाशी, त्याचा ताप उतरवत बसलेली होती. तरी पंचांसमोर तो मान खाली घालून उभा राहतो. एक शब्द बोलत नाही. थोरली नेसत्या लुगड्यानिशी निघते आणि उंबऱ्यात वळून म्हणते की या घरातलं पाणी मी पिणार नाही, आणि या घरातल्या माणसाला माझ्या उंबऱ्याच्या आत घेणार नाही. पुढं ती चिरमुऱ्यांची भट्टी घालते. पुष्कळ वर्षांनी धान्याची कणगी उपसताना तळाशी माळ सापडते. दीर ती माळ घेऊन तिच्या दारात येतो. इथवर तुमचा हात कुठं चुकलेला नाही. आणि तुम्ही पहिल्यांदा लिहिलेला शेवटही चुकलेला नव्हता. ती त्याला बाहेरच बसवते, पानात वाढते, आणि त्याचं जेवण झाल्यावर म्हणते, "जेवलास. पाणी पी. आणि जा." माळेला हात लावत नाही. तो उठतो, माळ उचलतो आणि मागं न बघता जातो. पडदा.

हाच शेवट बरोबर का, हे मला तुम्हीच शिकवलं होतंत. म्हणून तर मला जास्त चीड येते. मी कंपनीत आलो तेव्हा मला अक्षरओळख नव्हती. शाळेचं तोंड पाहिलं नाही, बापाच्या हाताखाली चाकांना लोखंडी धावा बसवत होतो. कंपनीत रीत अशी की प्रत्येकाला त्याची नक्कल मिळायची: त्याच्यापुरती वाक्यं, आणि आधीच्या माणसाचे शेवटचे दोन शब्द. बाकी नाटकात काय चाललंय ते त्यानं कानानं गोळा करायचं. मी दुसऱ्याकडून माझी नक्कल वाचून घ्यायचो, मग बोट ठेवून ताडून बघायचो, आणि असं करत वाचायला शिकलो. मग नकला उतरवायला लागलो. मग हाताला लागेल ते वाचलं. आज कुणी कॉलेजातला मनुष्य येऊन माझ्यासमोर नाट्यशास्त्र बोलू लागला तर त्याला पाणी पाजून परत पाठवण्याइतकं मला येतं, आणि त्यातलं एक अक्षर कुणी मला फुकट दिलेलं नाही. तुम्ही एक दिलंत, ते सांगतो.

पौराणिक नाटकात मला द्वारपालाचं पहिलं काम होतं. तोंडाला एक वाक्य. पहिल्या अंकात भाला उजव्या हातात धरला आणि तिसऱ्या अंकात डाव्या. कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सगळ्या मंडळींसमोर मला विचारलंत, "काय द्वारपाल, डावरे कधीपासून झालात? मधल्या अंकात उजवा हात गहाण टाकला काय?" मंडळी खिदळली. मग तुम्ही मला भाला देऊन अंगणात उभं केलंत, उजव्या हातात, जेवणं होईपर्यंत. खांदा भरून आला तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणालात, "राजा असो की दारावरचा शिपाई, तो रंगभूमीवर आला की आपण त्याचे चाकर. तो वागेल तसं आपण वागायचं. आपल्याला सोयीचं ते त्याच्याकडून करवून घ्यायचं नाही." मी त्या वेळी मान हलवली आणि जन्मभर ते पाळलं. तुम्ही पाळलं नाहीत.

थोरलीचं काम तुम्ही मला दिलंत तेव्हा सगळे हसले. मी अंगानं रुंद, हात लोहारी कामाचे. स्त्रीपार्ट करणारे गोरे नाजूक गडी कंपनीत होते. तुम्ही म्हणालात, "मला शालू नेसणारी नको, भट्टीपुढं बसणारी पाहिजे," आणि मला कोल्हापुरातल्या तुमच्या वहिनीच्या चिरमुऱ्यांच्या भट्टीवर घेऊन गेलात. म्हणजे गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथं चिंचेखाली थांबून म्हणालात, "तू जा. नीट बघून ये. मला धूर सोसत नाही." मला ते खरं वाटलं.

ती भट्टी आत्ताही माझ्या डोळ्यांपुढं आहे. लोखंडी कढईत वाळू तापलेली, वहिनी ओंजळीनं तांदूळ टाकतात, झाऱ्यानं असा फेर धरतात की मनगट हलतं आणि खांदा हलत नाही. घाम पुसतात तो डाव्या हाताच्या मागच्या बाजूनं, कारण पदराला वाळू लागलेली. कुणी उभं असताना बसत नाहीत. बोलतात ते कढईकडं बघून, आणि माणसाकडं बघतात ते बोलून झाल्यावर. मी कोपऱ्यात बसून हे सगळं अंगात घालून घेत होतो. त्या म्हणाल्या, "बाई व्हायला आलायस व्हय? मग हात चालीव. नुसतं बघून कुणी बाई होत न्हाय." चाळण माझ्याकडं सरकवली. निघताना पिशवीभर गरम चिरमुरे दिले आणि म्हणाल्या, "त्यो चिचंखाली हुबा हाय न्हवं? त्याला बी दे. उपाशी असंल. म्हणावं, तिथनंच खा."

मी पुष्कळदा गेलो. तुम्ही दर वेळी चिंचेखाली. हळूहळू मला कळलं की धुराचं कारण नव्हतं, तुम्हाला तिथून पुढं यायची मुभा नव्हती. आणि दीर म्हणजे कोण, पंचांसमोर मान खाली घालून कोण उभं राहिलं होतं, हेही कळलं. त्या वेळी मला तुमचा राग आला नाही. उलट वाटलं, स्वतःची इतकी काळी गोष्ट चारचौघांत मांडायला छाती लागते. एकदा वहिनींनी विचारलं, "शेवट काय केलाय त्यानं?" मी सांगितलं. त्यांनी झारा थांबवला. "कशात वाढती?" म्हणाल्या. मी म्हणालो, पितळीत. "न्हाय. पत्रावळीत वाढाय लाव. घरातलं भांडं त्याच्या हातात कशाला? बाकी बराबर हाय." मग आत जाऊन त्यांनी काळ्या काठाचं एक जुनं लुगडं आणून माझ्या पुढ्यात टाकलं. "ह्ये नेस. कोऱ्या लुगड्यात कुणी भट्टी घालत न्हाय." मी येऊन तुम्हाला पत्रावळीचं सांगितलं. तुम्ही वहीतला पितळी हा शब्द खोडलात. नंतर म्हणालात, "पत्रावळच घे."

त्या शेवटाला टाळी पडायची नाही. पडदा पडला तरी लोक हलायचे नाहीत, मग खाकरत, जोडे शोधत, एकमेकांशी न बोलता उठायचे. पेटीवाला कुरकुरायचा की एखादं भैरवीचं पद हवं होतं. तुम्ही त्याला म्हणायचात, "ही शांतता ऐकलीस? असली टाळी तुझ्या बापाला तरी पडली होती काय?" त्या दिवसांत तुमच्या मागं मी आगीतही चाललो असतो.

मग आपला मुक्काम इचलकरंजीला पडला. मध्येच तुम्ही काही काम आहे म्हणून एकटे कोल्हापूरला गेलात आणि परत आलात ते पागोटं घट्ट बांधून. उन्हाचा ताव असताना तालमीतसुद्धा ते उतरवलं नाहीत. मी तपशील बघणारा माणूस, मला ते दिसलं. मला वाटलं, सर्दी असेल. इतकं बघून इतकं कमी समजणारा माणूस माझ्याखेरीज मला भेटलेला नाही. त्याच आठवड्यात दिराचं काम करणाऱ्या नटाला तुम्ही बाजूला केलंत, त्याचा आवाज बसलाय म्हणालात, तो बसलेला नव्हता. आणि शेवटच्या प्रवेशाच्या नव्या नकला वाटल्यात.

माझ्या नकलेत आधीच्या माणसाचे शब्द होते, "मी आलोय." आणि खाली थोरलीच्या नावावर: दिराचे पाय धरून, "चुकलं माझं. क्षमा करा." पुढं पद. मी ते वाचलं आणि खात्रीनं समजलो की उतरवणाऱ्यानं घोळ घातलाय, दोघांच्या ओळींची अदलाबदल केलीय. आपल्यात तसं व्हायचंच. एकदा राक्षसाचं आव्हान राजकन्येच्या नकलेत गेलं होतं आणि तिनं ते म्हटलंही होतं. मी सरळ त्याच्याकडं गेलो. "अरे, दिराचं वाक्य माझ्याकडं आलंय."

"न्हाय आलं."

"डोळे फुटले काय? चुकलं कुणाचं? दिराचं. मग चुकलं माझं हे कोण म्हणणार?"

"बाबा, मी नुसतं उतरवलंय. मास्तरांनी सोताच्या हातानं लिवलंय त्ये."

मग मी तुमच्याकडं आलो. मंडळी पान जमवत बसली होती, त्यांच्यादेखत मी म्हणालो की मास्तर, थोरली असं वागणार नाही. तुम्ही म्हणालात, "माणूस बदलतो." मी विचारलं, "कधी बदलली? मागच्या प्रवेशात तर तिनं दिराच्या नावानं आलेला नारळ उंबऱ्यावरनं परत पाठवलाय." तुम्ही म्हणालात, "त्यानंतर बदलली." "म्हणजे पडदा खाली होता तेव्हा?" कुणीतरी फिसकन हसलं. मी थांबलो नाही. "चार अंक त्याला तू म्हणणारी बाई एकदम क्षमा करा म्हणते, आणि थोरली भावजय धाकट्या दिराचे पाय धरते? कुठल्या गावात? हे पाय उलटे पडलेत, मास्तर." तेव्हा तुम्ही उठलात. तुमचा आवाज मला अजून ऐकू येतो. "चार बुकं वाचलीस म्हणून लेखकाच्या डोक्यावर बसतोस? धावा ठोकणारा तू, धावा ठोक. नाटक माझं आहे. थोरली माझी आहे." मी द्वारपालाच्या भाल्याची आठवण करून दिली नाही. ओठांवर आलं होतं. तुमचे डोळे बघून दिली नाही, आणि तेवढ्या एका मुरवतीपायी ती रात्र मी माझ्या अंगावर ओढवून घेतली.

मांडव खच्चून भरला होता. दीर तुम्ही. "मी आलोय" म्हणालात आणि मी, वहिनींचं लुगडं नेसून, तुमचे पाय धरले. चुकलं माझं म्हणालो. पद गायलो. चाल तुम्ही बेरकीपणानं बांधली होती, कुठल्याही दगडाला पाझर फुटावा अशी. पद संपलं आणि मांडव उठला. वन्स मोअर! पदाला वन्स मोअर आला की पदाच्या आधीच्या जागेपासून पुन्हा घ्यायचं, ही आपल्याकडची रीत. म्हणजे थोरलीनं उठायचं, दाराशी जायचं, परत यायचं आणि पुन्हा पाय धरायचे. धरले. पुन्हा वन्स मोअर. पुन्हा उठली, पुन्हा दाराशी गेली, पुन्हा आली. जन्मात कुणापुढं न वाकलेल्या बाईला लोकांनी शिट्ट्या वाजवून वाजवून तुमच्या पायांवर आणून घातलं, आणि तुम्ही उभे होता. तुमच्या गालांवरचा रंग ओघळत होता. मला वाटलं, काय काम करतायत मास्तर! आत गेल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "आज थोरली खरी झाली."

कोल्हापुरात परतल्यावर मी सगळ्यात आधी भट्टीवर गेलो. वहिनींना सांगायचं होतं की बघा मास्तरांनी काय केलंय, आणि तुम्हीच त्यांना समजवा. भट्टी गार. कढई नाही. शेजारच्या पिंजाऱ्याची म्हातारी दारात कापूस निवडत होती. म्हणाली, "कुणाला हुडकतूयास?"

"वहिनींना."

"लई उशिरा आलास की रं बाबा. ताप आला नि गेली. आमच्या पोरानं लाकडं आणली, गल्लीनं केलं समदं."

"मास्तर आले होते?"

"आलता की. शेवटच्या घडीला आलता, आन् आत बी आला. आडवायला कोन हुतं? तोंडात पाणी घालाय वाकला, तर तिनं दात मिटून घेतलं." म्हातारीनं सरकी चिमटीत धरून बाजूला टाकली. "लोक म्हनत्यात सुद न्हवती तिला. मी उशाला हुते. सुद हुती."

मी तिथंच, त्या गार भट्टीच्या कट्ट्यावर बसलो आणि मला पागोटं आणि त्याखालचं मुंडण कळलं, आणि दिराचं काम तुम्ही का घेतलंत ते कळलं. माझी नक्कल चुकलेली नव्हती असं उतरवणाऱ्यानं सांगितलं होतं. चुकलेली होती, मास्तर. ते वाक्य दिराचंच होतं. ते तुमचं होतं. सबंध आयुष्यात तुम्हाला ते त्या गल्लीच्या तोंडावरनं भट्टीपर्यंत चालत जाऊन म्हणता आलं नाही, आणि त्या दात मिटून गेल्या, तेव्हा तुम्ही ते माझ्या तोंडात घातलंत. बाईचा आवाज काढून म्हणवून घेतलंत, आणि ऐकायला स्वतः समोर उभे राहिलात. तेही त्यांचंच लुगडं माझ्या अंगावर असताना. चुकलं असेल तर चुकलं म्हणायचं होतं. नाटकात दिरानं म्हटलं असतं तरी मी समजून घेतलं असतं. थोरलीनं काय उत्तर द्यायचं ते थोरलीनं बघितलं असतं. पण तिच्या मिटलेल्या दातांवर तुम्ही भैरवी बसवलीत.

मी त्याच दिवशी कंपनी सोडली. केसांचा टोप तुमच्या पेटीवर ठेवला, लुगडं घेतलं आणि तुमच्याशी एक शब्द न बोलता निघालो. तुम्ही निरोप पाठवलेत, मी परत पाठवले. पुढं दुसऱ्या कंपनीबरोबर कोकणात उतरताना गगनबावड्याला पावसानं गाड्या अडकल्या होत्या, तिथं एका हमालाच्या तोंडून कळलं की तुम्ही गेलात. मी गाडीवानाला म्हणालो, ताडपत्री आवळ, पडद्यांना पाणी लागतंय. रडलो नाही. हे मी अभिमानानं लिहीत होतो, पण लिहून झाल्यावर त्यात अभिमानासारखं काही दिसत नाही. असो.

आता आजची तालीम. थोरलीला मी जोतिबाच्या डोंगरावरचा एक गडी घेतलाय. बापाचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान आहे, हात रुंद, मनगटात जोर. त्याला मी भट्टीवर बसवून आणलं, झारा फिरवायला लावला, आणि मग वहिनींचं लुगडं दिलं. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "मामा, माळ ती घेत का न्हाय? तिचा तर न्याव झाला की." मी म्हणालो, "तू घेतली असतीस?" त्यानं विचार केला, म्हणाला, "न्हाय. माळ घेतली तर वाटंल, माळंसाठीच बसली हुती." मला बरं वाटलं. दिराचं वागणंही मी त्याला सांगून ठेवलेलं: हा गर्विष्ठ मनुष्य आहे, जेवेल, पण लाचार होणार नाही. जा म्हटल्याबरोबर उठेल, माळ उचलेल, मागं बघणार नाही. असल्या गर्विष्ठ माणसाचं काम करणाऱ्या कैक नटांना मी अशा जागी झापलंय. एकानं जाताना नुसती मान वळवली तर त्याला तो प्रवेश दुपारभर करायला लावला होता.

आज मी पायरीवर बसलो. पत्रावळीत खरी भाकरी, खरा झुणका. मी खोटं जेवण चालू देत नाही. जेवलो. त्यानं तांब्या ठेवला, कढईकडं बघत म्हणाला, "जेवलास. पाणी पी. आणि जा." आणि बोलून झाल्यावर माझ्याकडं बघितलं. अगदी तसंच. मला उठायचं होतं. माळ हाताशी होती. उठता आलं नाही. आणि माझ्या तोंडातून निघालं, "चुकलं माझं. क्षमा कर."

विंगेत प्रॉम्प्टर पानं उलटू लागला. मालक खुर्चीतून अर्धे उठले, त्यांना वाटलं मी पद परत घेतोय. तबल्यावर हात पडला. तो गडी मात्र हलला नाही. त्याच्या नकलेत पुढं काही नव्हतं. त्यानं खाली वाकून पत्रावळ उचलली, घडी घातली आणि म्हणाला, "अंधार पडायच्या आत पोच." मग आत गेला आणि कडी लावली.

मास्तर, हे वाक्य ना तुम्ही लिहिलंत, ना मी. थोरलीनं म्हटलं. वहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, बराबर हाय. वाक्य माघारी आपल्या जागेवर आलं, दिराच्या तोंडात, आणि तरी तिनं कडी लावली. इतकंच होतं हो करायचं. याला लेखणी लागत नव्हती, चाल लागत नव्हती, एका बाईचा पाणउतारा तर मुळीच लागत नव्हता. प्रॉम्प्टरनं विचारलं, "मामा, ही नवी वाक्यं उतरवून घेऊ का?" मी नको म्हणालो. का नको म्हणालो ते मला नीट सांगता येणार नाही.

हे पत्र धाडायला पत्ता नाही. असता तरी धाडलं नसतं. तुम्ही उत्तरादाखल एखादं पद लिहून पाठवलं असतंत, आणि ते चांगलं असतं.

एक मात्र राहिलं. कडी लागल्यावर दिरानं तिथं थांबायचं काही कारण नाही, तो थांबणारा मनुष्यच नव्हे, हे मी आत्ताच वर लिहिलंय. मी थांबलो. मंडळी उठून गेली, कुणीतरी चहाला हाक मारली, तरी माळ हातात घेऊन त्या बंद दारासमोर बसून होतो. उद्या उठेन.